झीरोच्या खाली

"काका, झीरो बघा."

पंपावर स्कूटर उभी केली की तिथला मुलगा हे म्हणतो आणि मी चष्मा सावरून आकड्यांकडे बघतो. शून्य दिसलं की समाधानाने मान हलवतो. दोनशे रुपयांचं पेट्रोल भरायचं, हवा तपासायची आणि घरी यायचं. (पंचाहत्तरीत स्कूटर कशाला चालवता, हा सूनबाईंचा प्रश्न रोजचाच आहे. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.) परवा मात्र शून्य बघता बघता मान जरा जास्तच खाली गेली आणि फरशीत बसवलेलं एक गोल लोखंडी झाकण दिसलं. कडेने तेलकट, मधे पावलांनी घासून गुळगुळीत झालेलं. त्या झाकणाखाली टाकी असते. साधारण वीस हजार लिटरची. शेजारी डिझेलची आणखी एक. आपण त्यांच्यावर उभे राहून सुट्ट्या पैशांवरून वाद घालतो.

मी बी.ए. मराठी. आयुष्यभर मुलांना व्याकरण आणि इतिहास शिकवला. पेट्रोलच्या टाक्यांवर मी काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. पण या विषयाशी माझा जुना संबंध आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

गोष्ट १९९६ ची. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात राहायची. घर हमरस्त्याला लागून, परसात आड. आडाचं पाणी गोड म्हणून आळीतल्या चार घरांच्या बायका पाणी न्यायला यायच्या. रस्त्याच्या पलीकडे साठ-सत्तर पावलांवर एक पेट्रोल पंप होता. तो चालवणारा माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा, पण अक्षर सुरेख आणि वागायला सरळ. मी अक्काकडे गेलो की पंप सोडून भेटायला यायचा, पाया पडायचा.

त्या वर्षी आषाढात अक्का म्हणाली, "अरे, पाण्याला रॉकेलचा वास येतोय." आधी नातवावर संशय गेला, त्याने कंदील भरताना काही सांडलं असेल म्हणून. मग मोटारीच्या ऑइलवर. शेवटी सगळ्यांच्या नजरा रस्त्यापलीकडे गेल्या. मी पंपावर गेलो. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि स्टॉकचं रजिस्टर समोर ठेवलं. रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून घेतलेली मोजणी, आलेले टँकर, झालेली विक्री, सगळं त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं. "सर, माझ्या टाकीत घट नाही. तुम्हीच बघा." मी बघितलं. घट नव्हती. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मुलगा खोटं बोलत नाही एवढं कळत होतं.

मी परत येऊन अक्काला सांगितलं, "पंपाचं काही नाही. माझा विद्यार्थी आहे तो. पाणी उकळून घेत जा."

माझ्या या शब्दावर अक्काच्या घराने आणि आळीतल्या त्या चार घरांनी आणखी दीड-दोन महिने ते पाणी वापरलं. पेट्रोल मिसळलेलं पाणी चुलीवर उकळायला सांगणारा शहाणा मी! भाद्रपदात आडाच्या पाण्यावर मोरपिशी रंगाचा तवंग दिसायला लागला. भाचा गाळ बघायला दोर धरून खाली उतरला आणि अर्ध्यावरच त्याला गरगरलं. वर दोघे होते म्हणून त्याला ओढून काढता आलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, खड्ड्यात, गटारात, तळघरात, आडात साचून राहते. हे मी त्यानंतर वाचलं. त्या दिवशी त्याच्या हातात बॅटरीऐवजी कंदील असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

मग तक्रारी, पंचनामा, पुढाऱ्यांच्या चकरा, सगळं रीतसर झालं. साहेब आले, डिप घेतली, रजिस्टर जुळलं. निष्पन्न काही नाही. अक्काने आडावर फरशी टाकून घेतली. १९९९ साली पंप नव्याने बांधायचा ठरला आणि जुनी टाकी क्रेनने वर काढली. तळाला एक भोक होतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. आणि ते कुठे होतं? डिप रॉड ज्या नळीतून आत सोडतात, बरोबर तिच्या खाली. वर्षानुवर्षं रोज सकाळी तो रॉड तळाच्या त्याच जागी टेकत होता. पत्रा तिथे घासला, मग गंजला, मग फुटला. ज्या कांडीने तो इमानाने हिशेब ठेवत होता तिनेच टाकी फोडली होती. हे काही आमच्याच गावचं नवल नाही. जगभर हे माहीत आहे आणि म्हणून डिपच्या नळीखाली तळाला जाड पत्र्याचा एक तुकडा जोडतात. त्या जुन्या टाकीला तो नव्हता.

तो माझ्याकडे आला आणि रडला. मी त्याला काय सांगणार? तो खोटं बोलला नव्हता. मीही नव्हतो. तरी पाणी नासलं होतं.

प्रामाणिक माणसाला आपल्याच टाकीची गळती का कळू नये, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी त्याचं गणित मांडून बघितलं. सातवीच्या पुस्तकातलंच आहे, तुम्हीही करून बघा.

पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. पेट्रोलचा थेंब लहान असतो, चाळीस धरू. टाकीतून सेकंदाला एकच थेंब गळतोय असं समजा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला दोन लिटरच्या आसपास आणि वर्षाला साडेसातशे लिटरच्या पुढे, जवळजवळ चार पिंपं. आता टाकी बघा. वीस हजार लिटरची टाकी म्हणजे सुमारे दोन मीटर व्यासाचं आणि साडेसहा मीटर लांबीचं आडवं नळकांडं. टाकी निम्मी भरलेली असताना पातळी एक मिलिमीटर उतरली तर तेरा लिटर पेट्रोल कमी झालेलं असतं. म्हणजे आपला थेंब डिप रॉडवर एक मिलिमीटर दिसायला सहा दिवस लागणार. या सहा दिवसांत टँकर येऊन जातो, हजारो लिटर विकले जातात, आणि रॉडवरचा ओला भाग वाचणाऱ्याची नजरच मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होते.

शिवाय पेट्रोल उष्णतेने फुगतं, थंडीने आकसतं. वीस हजार लिटरचं तापमान एका अंशाने बदललं की वीसेक लिटरचा फरक पडतो. थोडं वाफेने उडून जातं. म्हणून हिशेबात काही घट-वाढ मान्य केलेली असते, आणि ती करावीच लागते. दोन लिटरची गळती या मान्य घटीत लपून बसते. शिक्षकाला हे लगेच समजेल. वर्गात साठ मुलं असली की एखादा गप्प बसणारा मुलगा वर्षभर काही शिकलेला नाही, हे हजेरीपटावरून कधीच कळत नाही.

आता पाण्याकडे या. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. त्याने कर्करोग होतो, याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये दुमत नाही. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त एक टक्का चालतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा आहे लिटरला दहा मायक्रोग्रॅम. एक लिटर पेट्रोलमधलं सगळं बेंझिन पाण्यात उतरलं तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला जाऊन पोहोचेल. सगळं उतरत नाही हे खरं, बरंचसं तरंगतं, काही उडून जातं. पण हिशेबाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. आणि आपला दख्खनचा दगड! बेसाल्टमध्ये पाणी वाळूतल्यासारखं सारखं झिरपत नाही, ते भेगांमधून धावतं. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहील आणि दोनशे पावलांवरची नासेल. आमच्या आडाला वास उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात आला, तेही याचमुळे. उन्हाळाभर मुरमात मुरलेलं पेट्रोल जमिनीतल्या पाण्याची पातळी चढली तेव्हा तिच्यावर तरंगत वर आलं.

इथे कुणी म्हणेल, मग टाक्या जमिनीत पुरताच कशाला? त्याचं उत्तर सरळ आहे. आगीसाठी. मातीखाली ऊन लागत नाही, ठिणगी पोहोचत नाही, गाडी धडकत नाही. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात एक अवाढव्य होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. खाली पेट्रोल आहे म्हणून बचाव करणाऱ्यांना गॅस कटर वापरायचीही भीती होती. पण एवढा लोखंडी सांगाडा अंगावर पडूनही जमिनीतल्या टाक्या पेटल्या नाहीत. पुरण्याची पद्धत तिथे कामाला आली. तेव्हा टाक्या वर काढा असं मी म्हणणार नाही. आगीचा धोका आपण जमिनीत गाडला, ते बरोबरच केलं. फक्त त्याबरोबर गळतीही नजरेआड गाडली, याची आठवण ठेवली नाही.

आणि आगीच्या बाबतीत आपली शिस्त बऱ्यापैकी आहे, हेही सांगायला हवं. टँकर आला की इंजिन बंद, चाकांना ठोकळे, अर्थिंगची क्लिप, शेजारी अग्निशामक, वाळूच्या बादल्या. टाकीची वाफ सोडणारा उंच नळ आणि त्याच्या तोंडाला जाळी, म्हणजे बाहेरची ज्योत आत शिरणार नाही. हे सगळं बघणारं खातं आपल्या नागपुरात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. इंग्रजांच्या काळी १८९८ मध्ये स्फोटकांचं खातं म्हणून सुरू झालेलं. पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा, नियम २००२ चे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी सूचना काढल्या: शाळा, दहा किंवा त्याहून जास्त खाटांची रुग्णालयं आणि निवासी वस्ती यांपासून ५० मीटर अंतर, अगदीच अडचण असली तर जादा उपाय करून ३० मीटर, त्याहून कमी कधीच नाही. चांगलं झालं. पण या सूचना नव्या पंपांसाठी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काळ्या मातीत पुरलेल्या टाक्यांचं काय? टाकीभोवती स्वच्छ वाळू भरायची असते, कारण काळी माती ओल धरून ठेवते आणि लोखंड खाते. त्या वेळच्या प्रत्येक ठेकेदाराने वाळूच भरली असेल असं मानायला मी तयार नाही. मी शाळेच्या इमारतीचं बांधकाम बघितलं आहे.

दुसरी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. पूर्वीचे पंप पेट्रोल वर ओढून घ्यायचे, हातपंपासारखे. पाईपला भोक पडलं तर हवा आत शिरायची, पंप अडखळायचा आणि लगेच कळायचं. आता जास्त खपाच्या पंपांवर मोटार टाकीतच बुडवलेली असते आणि ती पेट्रोल वर ढकलते. काम झटपट होतं, पण पाईप फुटला तर हवा आत येत नाही, पेट्रोल दाबाने बाहेर जातं. म्हणजे यंत्र सुधारलं आणि गळतीची आपोआप मिळणारी सूचना गेली. अशा पाईपला गळती ओळखणारं उपकरण बसवावं लागतं आणि ते चालतंय ना हे तपासावंही लागतं. निदान आता बऱ्याच पंपांवर टाकीत पातळी आपोआप मोजणारं यंत्र असतं, रॉडच्या भरवशावर सगळं नसतं. त्याचे आकडे तेल कंपनीपर्यंत पोहोचतात. शेजारच्या आडापर्यंत पोहोचत नाहीत.

२०११ साली मुलीकडे न्यू जर्सीत गेलो होतो. तिथे अजूनही आपल्यासारखंच माणूस येऊन पेट्रोल भरतं, स्वतः भरू देत नाहीत, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं. (झीरो बघा मात्र कुणी म्हणत नाही.) तिथेही मी सवयीने खाली बघितलं, तर टाकीच्या झाकणांशिवाय आणखी छोटी झाकणं दिसली, पांढऱ्या रंगावर काळा त्रिकोण. जावयांनी चौकशी करून सांगितलं की ही निरीक्षणाची बोअर आहे, पाण्यात पेट्रोल उतरलंय का ते बघायची.

हे त्यांना आपोआप सुचलेलं नाही. १९८३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या टीव्हीवर गळक्या टाक्या आणि नासलेल्या पाण्याबद्दल कार्यक्रम झाला, लोक खवळले, १९८४ मध्ये कायदा आला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या एकतर सुधारा नाहीतर काढून टाका म्हणून दहा वर्षांची, डिसेंबर १९९८ पर्यंतची मुदत दिली गेली. मग मोजायला सुरुवात झाली. आजवर साडेपाच लाखांहून जास्त गळत्या तिथे नोंदल्या गेल्या आहेत. साडेपाच लाख! कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये, म्हणजे आमच्या आडाच्याच वर्षी, पेट्रोलमधल्या एका मिश्रणाने पाणी नासल्यामुळे आपल्या कितीतरी विहिरी बंद कराव्या लागल्या आणि अर्ध्याच्या आसपास पाण्याला मुकावं लागलं. २००५ मध्ये कायदा आणखी कडक होऊन दर तीन वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली.

अमेरिकेचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट मला फार पटली. गळती निस्तरायला त्यांनी पेट्रोलवरच गॅलनमागे सेंटचा दहावा हिस्सा एवढा बारीकसा कर बसवला आणि त्याचा निधी केला. म्हणजे ज्याची टाकी गळते तो एकटा बुडत नाही.

हे का पटलं ते सांगतो. १९९६ मध्ये माझा विद्यार्थी मला म्हणाला होता, "सर, टाकी कंपनीची, माल माझा, जमीन चुलत्याची आणि आड अक्कांचा. खणायचं म्हटलं तर पंप तीन महिने बंद. तेवढ्यात मी संपलो." शंका आली असती तरी त्याला ती परवडली नसती. ज्याने मोजायचं त्यालाच गळती सापडली की सगळ्यात मोठा फटका, अशी व्यवस्था असेल तर माणूस खोटं बोलत नाही, तो फार खोलात जाऊन बघत नाही, एवढंच. मीही त्या दिवशी रजिस्टर फार खोलात जाऊन बघितलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं. लिटरमागे दोन पैसे बाजूला काढावेत. महिन्याला दीड लाख लिटर विकणाऱ्या पंपाचे त्यातून महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार रुपये जमतील. देशात आता पंपांची संख्या लाखाच्या घरात गेली आहे, म्हणजे निधी लहान होणार नाही. त्यातून प्रत्येक पंपाच्या आसपासच्या दोन-तीन विहिरी किंवा बोअरचं पाणी वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा भर पावसाळ्यात, बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासावं. पंपवाल्याने नाही, कंपनीनेही नाही. निकाल पंपावरच्या फलकावर लावावा. आजही पंपावर पेट्रोलची घनता लिहिलेली असते, हवा मोफत असल्याचं लिहिलेलं असतं, तक्रारवही मागा म्हणून लिहिलेलं असतं. त्यात आणखी एक ओळ. आणि गळती सापडली तर खणण्याचा, टाकी बदलण्याचा खर्च आणि पंप बंद राहिल्याची काही भरपाई त्या निधीतून मिळावी. जो स्वतःहून सांगेल त्याला पूर्ण, ज्याने दडवलं त्याला काही नाही.

माझ्या एका मित्राने (तो बँकेतून निवृत्त, म्हणून संशयी) यावर दोन आक्षेप घेतले. पहिला, फलकावर निकाल लावला की गावगुंडांना कुरण मिळेल, पंपवाल्याला धमकावून पैसे उकळतील. हे खरं आहे. आमच्या गावात १९९६ ला जी मंडळी मोर्चा घेऊन पंपावर गेली होती त्यातल्या दोघांना पाण्यापेक्षा पंपाची एजन्सी हवी होती. पण निकाल बाहेरच्या प्रयोगशाळेचा असेल आणि सगळ्यांसमोर असेल तर धमकीचं भांडवल कमीच होईल. अफवेवर खंडणी मागता येते, भिंतीवर लावलेल्या आकड्यावर मागणं अवघड. दुसरा आक्षेप, आता सगळी गावं नळाचं पाणी पितात, विहिरींचं कोण विचारतो? याला मी त्याच्याच सोसायटीचं बोअर दाखवलं. मार्च उजाडला की पुण्यात किती इमारती बोअरवर आणि टँकरवर जगतात, आणि ते टँकर कुठल्या विहिरीवर भरतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तो गप्प बसला, पटलं म्हणाला नाही.

अलीकडे एक वेगळं निमित्तही झालंय. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी वेगळं बसायचं, डिप रॉडला लावलेली पेस्ट रंग बदलून ते दाखवायची. इथेनॉल पाण्याला आपल्यात ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाला बसतात, ते गाडीत गेलं की गाडी बंद. त्यामुळे पावसाळ्यात पंपावर भांडणं होतात, पंपवाला भेसळ करतो म्हणून. कधी करतही असेल. पण वरच्या झाकणातून पाणी गेलं नसेल तर ते आलं कुठून, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढतं तेव्हा ज्या भोकातून ते टाकीत शिरतं, त्याच भोकातून उन्हाळ्यात पेट्रोल बाहेर जातं. गाडी बंद पडलेल्या माणसाचा राग खरा असतो, फक्त तो आपल्या टाकीपुरता असतो.

अक्का जाऊन आता अकरा वर्षं झाली. वयाने गेली, आडाचा त्याच्याशी संबंध जोडायचा मला काही अधिकार नाही. तिने मला कधी बोल लावला नाही. उलट, "तू तरी काय करणार, तुझा विद्यार्थी पडला," असं म्हणायची, आणि ते ऐकायला जास्त कठीण जायचं. फरशी अजून आडावर आहे. भाच्याने तिच्यावर तुळशीवृंदावन बांधलंय.

परवा झाकण दिसलं तेव्हा मी त्या मुलाला विचारलं, "बाळा, ही टाकी कधीची? शेवटची तपासली कधी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने मला आतल्या मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर पोरगेलासा, पण अदबीने उठून उभा राहिला. "काका, आतापर्यंत असं कुणी विचारलं नाही हो. पातळी तर मशीन सांगतं. टाकीचं मला विचारून सांगावं लागेल." मी विचारलं, आसपास बोअर आहे का? "आहे ना, मागच्या सोसायटीचं. आमचा पिण्याचा कॅनही तिथूनच भरतो."

मंगळवारी या म्हणालाय. मी जाणार आहे.